पॉक्सोचं ट्रेनिंग घेताय? कलमं नंतर, आधी तोंडात वाक्यं बसवा

शाळा, वसतिगृह, क्लास, दवाखाना कुठेही जा, 'पॉक्सोचं ट्रेनिंग' म्हणजे बहुतेक ठिकाणी एकच चित्र असतं. (पॉक्सो म्हणजे लहान मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा.) वकील किंवा पोलीस अधिकारी येतात, दीड तास पीपीटी चालते, कलम ३, कलम ५, कलम ७, कुठल्याला किती वर्षं शिक्षा, मग सगळ्यांच्या सह्या, चहा, ग्रुप फोटो आणि फाइल बंद. मी पण सुरुवातीची काही वर्षं असंच ट्रेनिंग घ्यायचे आणि मला वाटायचं की चांगलं घेते. मग एका संध्याकाळी एका बाईंचा फोन आला, आवाज थरथरत होता, म्हणाल्या ताई माझ्या वर्गातल्या मुलीने आत्ता मला काहीतरी सांगितलंय, मी काय करू. त्या माझ्या सेशनला पहिल्या रांगेत बसलेल्या होत्या, सही पण होती त्यांची. कलमं त्यांना येत होती, पण पोरीशी काय बोलायचं आणि फोन कुणाला लावायचा हे माहीत नव्हतं, कारण ते मी शिकवलंच नव्हतं.

तेव्हापासून ट्रेनिंग उलटं करून टाकलं. ज्यांना आपल्या शाळेत, संस्थेत हे ट्रेनिंग घ्यायचंय त्यांच्यासाठी सगळं नीट लिहितेय. एवढं लिहायचं कारण म्हणजे कायद्याने कळवणं बंधनकारक आहे हे आता बऱ्याच जणांना माहितीये, पण कळवायच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरचा अर्धा तास कसा काढायचा ते कुणी सांगत नाही.

कायद्याचं किती सांगायचं

वीस मिनिटं पुरे. पॉक्सो कायदा २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल, मुलगा असो की मुलगी. इथे थोडं थांबा, कारण 'मुलींचा कायदा' असं अजूनही लोकांच्या डोक्यात पक्कं आहे. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये मोठा अभ्यास केला होता, त्यात ५३ टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं आणि त्यांच्यात निम्म्याहून जास्त मुलगे होते. हा आकडा सांगितला की हॉलमध्ये एकदम शांतता होते, होऊ द्या.

मग कलम १९. हे कलम शिक्षक, डॉक्टर वगैरे ठरावीक लोकांपुरतं नाही, 'कोणतीही व्यक्ती' असं आहे. गुन्हा झालाय हे कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तर स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचं. भीती वाटली तरी, हे तीनदा सांगा. पुरावा पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. त्याच कलम १९ मध्ये हेही आहे की चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कसलीच जबाबदारी येत नाही. लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते यालाच, 'उद्या खोटं निघालं तर माझ्यावर येईल', त्यामुळे हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत पुसू नका. खोट्या तक्रारीची शिक्षा आहे, पण ती मुद्दाम बदनामी करायला, धमकवायला, पैसे उकळायला केलेल्या तक्रारीसाठी आहे. आणि मुलाने खोटं सांगितलं असं ठरलं तरी त्याला शिक्षा नाही.

दोन उदाहरणं सांगून कायदा संपवा. एक आपल्याच राज्यातलं, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं प्रकरण. तिथल्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर माहिती न दिल्याचा गुन्हा होता, हायकोर्टाने तो रद्द केला, पण २ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल फिरवला आणि स्पष्ट म्हटलं की माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासारखं आहे. दुसरं ऑगस्ट २०२४ चं बदलापूर, शाळेतल्या दोन लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण, तिथे शाळा चालवणाऱ्यांवरही न कळवल्याबद्दल गुन्हा दाखल झाला. बास. यापुढे कलमं वाढवलीत की लोक मोबाइल काढतात.

कुणाला बसवायचं

सगळ्यांना. शिक्षक हॉलमध्ये आणि मावशी, शिपाई, वॉचमन, बसचे ड्रायव्हर, बसमधल्या ताई, स्वयंपाकाच्या बाया बाहेर, असं होऊ देऊ नका. मुलं टॉयलेटला जातात तेव्हा तिथे मावशी असते, सर नसतात. शाळा सुटल्यावर उशिरापर्यंत थांबलेलं मूल वॉचमनशीच गप्पा मारतं. त्यांच्यासाठी वेगळं सेशन ठेवा, त्यांच्या बोलीत, पीपीटीशिवाय, आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत उरकू नका, पूर्ण वेळ द्या. २०२० च्या पॉक्सो नियमांमध्ये मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी सगळ्या स्टाफची ठरावीक काळाने पोलीस पडताळणी करायची आणि त्यांना ट्रेनिंग द्यायचं असं आहेच, आणि तिथे स्टाफ म्हणजे फक्त शिकवणारे असं नाही.

एका वेळी वीस पंचवीस माणसं, जास्त नको. तीन तास तरी मागून घ्या. मुख्याध्यापक आणि संस्थाचालक पूर्ण वेळ बसले पाहिजेत, उद्घाटन करून निघून गेले तर खालच्या लोकांना बरोबर कळतं की हे वरवरचं आहे.

आणि सुरुवातीलाच एक गोष्ट हळू आवाजात सांगायची की या खोलीत कुणावर लहानपणी असं झालेलं असू शकतं, कुणाला मधेच उठून बाहेर जावंसं वाटलं तर जा, कुणी कारण विचारणार नाही. बाहेर एक समजदार माणूस, पाणी, खुर्ची एवढं तयार ठेवा. माझ्या जवळजवळ प्रत्येक सेशनमध्ये कुणीतरी उठून जातं, आणि कधी कधी सगळे गेल्यावर कुणीतरी मागे थांबतं आणि तीस वर्षं पोटात ठेवलेलं पहिल्यांदा बोलतं. त्यामुळे सेशननंतर लगेच गाडी पकडायची घाई ठेवू नका.

खरं ट्रेनिंग: मूल बोलायला लागलं तेव्हा

इथे दीड तास द्या. जोड्या करा, एकाने मूल व्हायचं, एकाने मोठं माणूस. मूल झालेल्याला चिठ्ठी द्यायची, त्यात साधं वाक्य असतं, जसं की 'मला त्या काकांच्या रिक्षात नाही बसायचं' किंवा 'टीचर एक सांगू पण कुणाला सांगायचं नाही हां'. मूल कधी 'माझ्यावर अत्याचार झाला' असं सांगत नाही, ते असंच कडेकडेने बोलतं, अर्धं सांगून तुमचा चेहरा बघतं आणि चेहरा बदलला की गप्प होतं. म्हणून पहिली प्रॅक्टिस चेहऱ्याची. 'अगं बाई' नाही, 'काय सांगतेस' नाही, डोळे मोठे करायचे नाहीत. ऐकायला सोपं वाटतं पण करून बघा, दहातल्या आठ जणांना पहिल्या वेळी जमत नाही.

मग 'कुणाला सांगू नका' चं उत्तर. बहुतेक जण पटकन म्हणतात 'नाही सांगत, बोल'. हे चुकीचं, कारण तुम्हाला सांगावंच लागणार आहे आणि मग त्या मुलाचा मोठ्यांवरचा उरलासुरला विश्वास पण जातो. म्हणायचं असं की 'तू सांग, मी ऐकतेय. तुला मदत करायला एक दोन जणांना मला सांगावं लागेल, पण सगळ्यांना नाही सांगणार.' हे वाक्य प्रत्येकाकडून मोठ्याने बोलून घ्या, मनात नाही, तोंडाने. आणि 'माझी चूक आहे का' असा प्रश्न मुलाने विचारला किंवा नाही विचारला तरी 'तुझी काही चूक नाही, तू सांगितलंस ते चांगलं केलंस' हे म्हणायचंच.

प्रश्न विचारायचे नाहीत असं नाही, पण उघडे विचारायचे. 'मग काय झालं?' 'अजून काही सांगायचंय?' एवढंच. 'त्याने इथे हात लावला का?' 'सरांनी केलं का?' असे नाव आणि उत्तर आतच घातलेले प्रश्न नकोत, कारण मूल मोठ्यांना आवडेल ते उत्तर देतं आणि पुढे कोर्टात बचावाचा वकील म्हणतो की हे बाईंनीच शिकवलंय. 'का' ने सुरू होणारा प्रश्न तर नकोच, 'तू ओरडली का नाहीस', 'आधी का नाही सांगितलंस', यातून मुलाला एवढंच कळतं की चूक माझीच होती. तारीख वार खोदून काढू नका, सगळी गोष्ट पूर्ण करून घ्यायची घाई नको, कळवण्यापुरतं कळलं की थांबायचं. बाकीचं विचारायला पोलीस आहेत, मॅजिस्ट्रेट आहेत, मुलाला तेच तेच पाच जणांपुढे सांगायला लावणं हाही त्रासच असतो.

मूल गेलं की लगेच, त्याच तासात लिहून काढा. मुलाचे शब्द जसेच्या तसे. 'शूची जागा' म्हणालं असेल तर 'शूची जागा'च लिहा, आपला शुद्ध शब्द घालू नका. किती वाजता, कुठे, तुम्ही काय विचारलं ते पण लिहा, खाली सही आणि वेळ. 'मला असं वाटतं की' हा भाग वेगळा ठेवा. ही पण प्रॅक्टिस घ्या, जोड्यांनंतर पाच मिनिटं सगळ्यांना लिहायला लावा आणि मग चिठ्ठीशी ताडून बघायला सांगा. लोकांनी किती बदललंय ते बघून ते स्वतःच हबकतात.

मूल काहीच बोललं नाही पण वागणं बदललंय, तेव्हा काय? हसतं खेळतं मूल एकदम मिटलं, कोरडी झालेली गादी परत ओली व्हायला लागली, एका ठरावीक माणसाचं नाव काढलं की अंग आक्रसतं, वयाला न शोभणारे लैंगिक शब्द किंवा खेळ, बसताना चालताना दुखतं, अचानक महागाचा मोबाइल किंवा गिफ्ट आणि कुणी दिलं ते सांगत नाही, हातावर कापल्याच्या खुणा. यातल्या एका गोष्टीवरून काही सिद्ध होत नाही आणि यातलं काहीच दिसलं नाही म्हणजे सगळं ठीक असंही नाही. अशा वेळी जवळ बसायचं, 'हल्ली तू गप्प गप्प असतोस, मला काळजी वाटते' एवढं म्हणायचं आणि वाट बघायची. आणि हे पण सांगा की अनोळखी माणसाची भीती घालण्यात आपण उगाच वेळ घालवतो, एनसीआरबीच्या, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या आकड्यांत मुलांवरच्या बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी ओळखीचाच असतो, घरातला, शेजारचा, शाळेतला.

कळवायचं कसं, आणि लोक कुठे अडकतात

सगळ्यात मोठी अडचण ही की शिक्षक मुख्याध्यापकांना सांगतात आणि वाटतं माझं काम झालं. नाही झालं. वरिष्ठांना सांगा, जरूर सांगा, पण कायदा म्हणतो पोलिसांना कळवा, आणि वरिष्ठ 'आपण आधी आत चौकशी करू' म्हणाले तरी तुमची जबाबदारी तशीच राहते. अंतर्गत चौकशी, समिती, त्या माणसाला बोलावून 'खरं खोटं' करणं, हे कळवायच्या आधी अजिबात नको. त्याला बोलावलं की तो सावध होतो, मोबाइलमधलं पुसतो, मुलाला गाठून धमकावतो. शहानिशा करणं आपलं काम नाही, आणि सेशनमध्ये यावर वाद होऊ द्या, कारण 'एखाद्याची नाहक बदनामी' ही लोकांची खरी भीती आहे, ती दाबून टाकू नका, ऐकून घ्या, मग सांगा की निर्दोष माणसाला पण नीट तपासच सोडवतो, स्टाफरूममधली कुजबुज नाही.

मग फोनची प्रॅक्टिस. खरंच, खोटा फोन हातात घेऊन. पोलीस ११२, मुलांसाठीची चाइल्ड हेल्पलाइन १०९८, आणि जवळच्या पोलीस ठाण्याचा नंबर जो तुम्ही सेशनच्या आधी स्वतः लावून चालू आहे का ते बघितलेला असेल. १०९८ ला फोन केला की मदत मिळते, मूल सुरक्षित जागी न्यायचं असेल तर फार उपयोग होतो, पण पोलिसांत नोंद झाली का हे तुम्हीच बघायचं. वाक्य असं बसवा, 'मी अमुक शाळेतून बोलतेय, मला पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती द्यायची आहे, नोंद घ्या आणि नोंदीचा क्रमांक द्या.' माहिती लिहून घ्यायची, क्रमांक द्यायचा, वाचून दाखवायची, हे सगळं त्याच कलमात आहे. 'आमच्या हद्दीत येत नाही' म्हणाले तर हद्द कुठलीही असली तरी नोंदवून घ्यावं लागतं, झीरो एफआयआर म्हणतात ते हेच. 'उद्या या' म्हणाले तर शांतपणे सांगा की नोंद न घेणं हाही कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि तेवढ्यावर न थांबता वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी किंवा ईमेलने कळवा, प्रत जवळ ठेवा. बहुतेक वेळा एवढी वेळ येत नाही, ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव आधीच माहीत असेल तर निम्मं काम सोपं होतं.

दुसरी अडचण पालक. 'आम्हाला नाही करायची केस, पोरीचं लग्न कोण करणार.' त्यांच्यावर चिडू नका, ते घाबरलेले असतात. पण कळवायला पालकांची परवानगी लागत नाही, आणि संशय घरातल्याच माणसावर असेल तर आधी घरी फोन करणं म्हणजे मुलाला परत त्याच्याच ताब्यात देणं. अशा वेळी शाळा सुटायच्या आत पोलीस आणि बाल कल्याण समितीपर्यंत (मुलाच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्यातली समिती) विषय गेला पाहिजे, मुलाला तात्काळ संरक्षणाची गरज असेल तर पोलिसांनी २४ तासांच्या आत सोय करायची असते आणि समितीला पण २४ तासांत कळवायचं असतं. 'मिटवून टाकू' हा पर्यायच नाही हे पण सांगा, नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकाच्या केसमध्ये वडिलांशी झालेल्या तडजोडीवरून हायकोर्टाने एफआयआर रद्द केली होती, सुप्रीम कोर्टाने तो आदेश बाजूला केला.

पालकांना पटवायचं असेल तर पुढे काय होणार ते सांगा, कारण त्यांच्या डोळ्यासमोर पिक्चरमधलं पोलीस स्टेशन असतं. जबाब घरी किंवा मुलाच्या पसंतीच्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी, तीही वर्दीशिवाय, आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत. रात्री मुलाला पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करणार. नाव, फोटो, शाळा काहीच पेपरात येऊ शकत नाही. केस चालू असताना सोबतीला सपोर्ट पर्सन मिळतो. अत्याचार झालेल्यांना आर्थिक मदत देणारी राज्याची मनोधैर्य योजना आहे, तिची माहिती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मिळते.

घटना नुकतीच झाली असेल तर घड्याळ बघा. हॉस्पिटल आधी, कागद नंतर. एफआयआर नाही म्हणून तपासणी किंवा उपचार नाकारता येत नाहीत. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि जितकी लवकर तितकी चांगली. मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका, बदललेच तर कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. स्वतः अंग तपासायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून पोलिसांना पहिल्याच फोनमध्ये सांगा की फुटेज आहे, आणि ते कुणाच्याही मोबाइलवर फिरू देऊ नका.

सोळा सतरा वर्षांची मुलं मुली आपल्या मर्जीने जवळ आलेली असतात, हा प्रश्न प्रत्येक सेशनला येतोच. टाळू नका. अठराखालच्यांची संमती हा कायदा धरत नाही, हे सरळ सांगा. डॉक्टरांसाठी मात्र एक जोड आहे, सप्टेंबर २०२२ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की अल्पवयीन मुलगी अशा संबंधातून गर्भपातासाठी आली तर तिच्या आणि पालकांच्या विनंतीवरून डॉक्टरने कळवताना तिचं नाव, ओळख उघड करायची गरज नाही. कळवायचं आहेच, फक्त ओळख झाकून. आणि मुलानेच मुलाला त्रास दिला असेल तरी कळवायचं, पण त्या दुसऱ्या मुलाला 'आरोपी', 'गुन्हेगार' म्हणत फिरायचं नाही, तोही मूलच आहे आणि त्याची केस बाल न्याय मंडळाकडे जाते.

मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडून ठेवणं हे पॉक्सोत बसत नाही, त्यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ७५ आहे आणि १०९८ आहेच. शाळेत छडी तर शिक्षण हक्क कायद्यानेच बंद आहे.

दुसऱ्या दिवशी

मूल परत वर्गात येतं तेव्हा सगळ्यांनी एकदम गोड वागायला लागणं किंवा नजर चुकवणं दोन्ही त्याला कळतं. नेहमीसारखं वागा. ज्यांना माहीत असणं गरजेचं त्यांनाच माहीत, स्टाफच्या व्हॉट्सअप ग्रुपवर एक अक्षर नाही, 'त्या सातवीतल्या मुलीचं' असं पण नाही. ज्या बाईंनी कळवलं त्यांना एक दोन दिवस हलकं काम द्या, रात्री झोप लागत नाही, आपण चूक तर नाही केली असं सारखं येतं मनात, त्यांच्याशी कुणीतरी रोज बोला.

ट्रेनिंग जूनमध्ये शाळा उघडताना दरवर्षी घ्या, नवीन माणूस रुजू झाला की त्याच आठवड्यात त्याला वेगळं बसवा. परीक्षा घ्यायची तर कलमांची नको, प्रसंगाची घ्या. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच, मुख्याध्यापक गावाला, ऑफिस बंद, दुसरीतलं पोरगं म्हणतंय घरी नाही जायचं, आता पुढचा फोन कुणाला? मी साधारण दोन महिन्यांनी न सांगता शाळेत जाते आणि हा एकच प्रश्न गेटवरच्या वॉचमनला आणि टॉयलेटपाशी बसणाऱ्या मावशीला विचारते. दोघांनीही न अडखळता नंबर सांगितला तर मुख्याध्यापकांना भेटून निघते, आणि नाही सांगता आला तर पुढच्या शनिवारचे परत तीन तास मागून घेते.